एकवीस ट्रॅक्टर आणि गावाचा भाचा

माझ्या मामाच्या गावात एकवीस ट्रॅक्टर होते आणि एकवीसही आमच्या कंपनीचे होते. आता एकच उरला आहे. त्यावर कोंबड्या बसतात.

मी 'नंदराज' ट्रॅक्टर कंपनीत नोकरीला आहे. ऑफिस नागपुरात, रामदासपेठेत, दोन दवाखान्यांच्या मधोमध. माझा हुद्दा 'ग्राहक समाधान अधिकारी'. म्हणजे ग्राहकाला समाधानी आहात का असं विचारायचं, तो जे सांगेल ते टॅबमध्ये भरायचं आणि वर पाठवून द्यायचं. (त्याला खरोखर समाधानी करणं हे दुसऱ्या खात्याचं काम. ते खातं अजून उघडायचं आहे.)

मामाचं गाव पिपरडोह, कुहीच्या पुढे, मिरचीचा पट्टा. माझे वामनमामा म्हणजे नंदराजचे भक्तच! पहिला ट्रॅक्टर सव्वीस वर्षं वापरला. दुसऱ्या कंपनीचं कॅलेंडरसुद्धा घरात येऊ देत नसत. एकदा दुसऱ्या कंपनीचा एक माणूस हौसेनं किल्लीचा गोफ देऊन गेला, तर मामांनी तो बकरीच्या गळ्यात बांधला. मामांनी नंदराज घेतला म्हणून चुलत्यानं घेतला, चुलत्यानं घेतला म्हणून शेजाऱ्यानं, असं करत सगळं गाव नंदराजचं झालं. आणि त्यात त्या कंपनीत भाचा अधिकारी! मग काय विचारता?

आमच्याकडे मामा भाच्याच्या पाया पडतो. हे बाहेरच्या लोकांना खोटं वाटतं, पण पडतो! मामा अडुसष्ट वर्षांचे, दोन्ही गुडघे कामातून गेलेले, आणि मी पंचेचाळिसाचा, टक्कल पडलेला, पोट सुटलेला. तरी मी उंबऱ्यात आलो की मामा वाकतातच. आणि मामांचा भाचा म्हणजे गावाचा भाचा, त्यामुळे चौकापासून घरापर्यंत सात-आठ जण वाकतात. शिवाय भाच्याला नाही म्हणायचं नाही. भाच्याचं मन दुखवायचं नाही. ही पद्धत ट्रॅक्टरच्या धंद्याला किती घातक आहे, हे मला फार उशिरा कळलं.

फेब्रुवारीतल्या एका सोमवारी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं.

"पिपरडोह तुमचंच न?"

"मामाचं गाव, साहेब."

"सतरा गेले."

मी घाबरलो. "कोण गेलं साहेब? साथबीथ आली का?"

"ट्रॅक्टर गेले! सतरा लोकांनी आपला विकून समोरच्या कंपनीचा घेतला. अन् पाडव्याला तुमचे मामा घेऊन राहिले!"

"माझे मामा?" मी हसलोच. "साहेब, मामा एक वेळ बैल जुंपतील, पण..."

"बुकिंग झालं आहे."

माझं हसणं तिथंच थांबलं.

"मामा गेले की बाकीचे तीन गेले समजा," साहेब म्हणाले. "कारण शोधा अन् मामाले थांबवा. नाही तर कोराडी रोडवर आपलं गोडाऊन आहे, तिथं माणूस पाहिजेच आहे. दिवसभर नटबोल्ट मोजायचे अन् वीजकेंद्राची राख झटकायची."

मनीषनगरला घरी आलो तर बायको भाजी निवडत बसली होती. तिला सगळं सांगितलं.

"मंग मामाले सरळ विचारा न!" वर्षा म्हणाली.

"असं सरळ विचारता येत नाही. त्याची एक पद्धत असते. चौतीस प्रश्न आहेत."

"मामीले विचारा."

"मामीला ट्रॅक्टरमधलं काय कळतं?"

वर्षानं मेथीची जुडी खाली ठेवली आणि माझ्याकडे नुसतं पाहिलं. मी ते पाहणं टॅबमध्ये भरायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी पिपरडोहला पोचलो. मामा वाकले, मी त्यांना धरलं, ते तरी वाकले. हे सगळं आटोपल्यावर मी गोठ्यात गेलो. तिथं नवा नंदराज उभा होता, दोनच वर्षांपूर्वी मी स्वतः नारळ फोडून दिलेला. गावात आलेलं पहिलं नवं मॉडेल! मामांनी घेतला म्हणून मागोमाग गावानं घेतला. आता बॉनेटवर कोंबड्या. सीटवर कोंबड्या. स्टिअरिंगवर एक कोंबडा. मागच्या दोन्ही चाकांवरच्या मडगार्डवर मात्र एकही नाही, कारण एक कोंबडी तिथं चढायची आणि घसरून खाली यायची, पुन्हा चढायची, पुन्हा घसरायची. मी दहा मिनिटं ते पाहत उभा होतो. मग टॅबमध्ये लिहिलं, 'वाहनाची निगा राखलेली नाही.'

"मामा, ट्रॅक्टरमध्ये काही खराबी आहे का?"

"छे छे! लय चांगला आहे."

"डिझेल जास्त खातो?"

"नाई गा! वास घेऊन चालते."

"मग विकता काहून?"

मामांनी आढ्याकडे पाहिलं. "अशीच."

"अशीच म्हणजे?"

"आता भाचेबुवा, तुमी जेवून घ्या. वांग्याची भाजी गार होऊन राहिली."

ज्या सतरा जणांनी ट्रॅक्टर बदलला, त्यांच्याकडे मी दोन दिवस फिरलो. सतराही जण माझ्या पाया पडले, सतराही जणांनी चहा पाजला आणि सतराही जणांनी ट्रॅक्टरची इतकी तारीफ केली की, आमच्या जाहिरात खात्याला लाज वाटावी. पिकप? भारी! ब्रेक? एक नंबर! सर्व्हिस? तुमी तं घरचेच! मग बदलला काहून? इथं मात्र प्रत्येकाला खोकला यायचा.

एक म्हणाला, "आमच्या म्हशीले थो रंग मानवत नाई."

दुसरा म्हणाला, "गुरुजीनं सांगतलं, राशीले लोखंड जास्त पाह्यजे."

तिसऱ्यानं बराच विचार केला. "आवाज कमी आहे गा त्याचा. गावात आलो तं कोनाले समजतच नाई आपन आलो म्हनून."

चौथा म्हणाला, "बायकोनं म्हटलं."

"काय म्हटलं?"

"म्हटलं, बदला."

"का, पण?"

"थे तिले माहीत," असं म्हणून तो गडबडीनं म्हशीला पाणी दाखवायला गेला. (म्हैस झोपली होती.)

सतराव्या घरानंतर माझ्या टॅबमध्ये सतरा कारणं होती, पोटात सतरा चहा होते आणि डोक्यात भुसा होता. एवढी माणसं एकदम खोटं बोलतात, पाया पडून खोटं बोलतात, तर खरं आहे तरी काय? मला झोप येईना. नोकरीची भीती होतीच, पण त्याहून मोठी म्हणजे उत्सुकता! नंदराजमध्ये असं काय आहे, जे म्हशीपासून गुरुजीपर्यंत सर्वांना खुपतं आणि तोंडानं कोणी सांगत नाही?

तिसऱ्या दिवशी मी ठरवलं की, दोष मशीनमध्येच असणार आणि तो आपणच शोधायचा. मामांकडून चावी घेतली, कोंबड्या हाकलल्या आणि ट्रॅक्टर काढला. मामा काळजीनं मागून शेजाऱ्याच्या मोटारसायकलवर. गावाबाहेर मिरचीचा सातरा आहे. सातरा म्हणजे मिरची वाळत घालायचं मैदान. लाल मिरचीचे कमरेइतके ढीग लागलेले आणि चाळीसेक बाया ओळीनं बसून मिरचीचे देठ खुडत होत्या. इंदूमामी त्यांच्यावर देखरेख करत होत्या. तिथवर मी आलो. गिअर ठीक, ब्रेक ठीक, हायड्रॉलिक ठीक. दोष नाहीच!

जेवणाची वेळ झाली होती.

"चला मामी, घरी सोडतो," मी म्हटलं.

"नोको बाबू. मी येते न आटोनं."

"आटो काहून? घरचा ट्रॅक्टर आहे न! बसा."

"कोठी बसू?"

"मडगार्डवर. कुठं म्हणजे काय?"

चाळीस बायांचे हात थांबले. मामी मामांकडे पाहून राहिल्या. मामा मोटारसायकलच्या आरशात मिशी पाहू लागले.

"बस वं," शेवटी मामा पडेल आवाजात म्हणाले. "भाचा म्हनते तं."

मामी चढल्या. पदर खोचला, डाव्या मडगार्डवर टेकल्या आणि लगेच पाच बोटं खाली घसरल्या. पुन्हा वर सरकल्या, पुन्हा घसरल्या. हे आपण कुठं तरी पाहिलं आहे असं मला वाटलं. (पाहिलं होतं! गोठ्यात!)

"बसल्या न मामी?"

"बसली बाप्पा बसली. हळू घेजो."

मी हळूच घेतलं. म्हणजे मला हळूच घ्यायचं होतं. पण चौदा वर्षं ट्रॅक्टरच्या कंपनीत काढली तरी त्या सकाळपर्यंत ट्रॅक्टर चालवायची वेळ कधी आली नव्हती. क्लच सुटला, ट्रॅक्टरनं बेडकासारखी उडी मारली, 'कडाड!' असा आवाज झाला आणि मी मागं वळून पाहिलं, तर डावं मडगार्डही नाही आणि मामीही नाहीत!

दोघंही मिरचीच्या ढिगात होते. आधी मामी दिसेचनात, नुसता लाल धुरळा! मग ढिगातून एक हात वर आला आणि त्या हातात मडगार्डचा तुकडा. मग पहिली शिंक आली. ती मामींची. दुसरी माझी. मग चाळीसही बाया शिंकायला लागल्या, मामा शिंकले, रस्त्यानं जाणारा दूधवाला शिंकून सायकलवरून उतरला, आणि देवाशपथ सांगतो, ट्रॅक्टरसुद्धा दोनदा फुरफुरून बंद पडला. सातऱ्यावर पाच मिनिटं कोणाला कोणी दिसत नव्हतं.

"मामी! लागलं का हो? आक्छी! मामी!"

"नाई लागलं!" मामी ढिगातून उठल्या. डोक्यापासून पायापर्यंत लाल. "मिरची होती म्हनून वाचली! हाडं गेली असती माही!"

"पण मामी, मडगार्डवर... आक्छी... नीट बसायचं न!"

झालं! दोन वर्षं दाबून ठेवलेलं सगळं त्या एका वाक्यानं बाहेर आलं.

"नीट बसू?" मामी कडाडल्या. "कोठी नीट बसू? थे बसाची जागा आहे का मेली? पहिल्या ट्रॅक्टरले पाह्य कसं लोखंडी मडगार्ड होतं! पाटासारखं! गोधडी टाकली का बसली! सव्वीस वर्षं बसली मी तिथं, सुधीर! सव्वीस वर्षं! अन् हे काय देल्लं तुह्या कंपनीनं? उलटा टोपला! तिथं माशी बसत नाई!"

"अवं, भाच्याले असं नोको बोलू," मामा मधे पडले.

"तुमी गप ऱ्हा जी! तुमच्याचमुळे झालं सारं! भाच्याचं मन दुखंन, भाच्याचं मन दुखंन! अन् माह्या मनाचं काय?" आणि मग त्यांचा आवाज एकदम खाली आला. डोळे मिरचीनं लाल होते की आणखी कशानं, मला कळेना. "बाबू, आमचं घर कसं तुले माहीत आहे न? सासू-सासरे होते, दोन दीर, पोट्टे, पाहुने. घरात बायकोनं नवऱ्यासोबत बसून बोलाची सोय होती का? घरून वावरात वीस मिनिटं, वावरातून घरी वीस मिनिटं. थे चाळीस मिनिटं आमचे होते. इंजिनाचा आवाज, तं मागच्याले काही ऐकू नाई ये. आमच्या पोरीचं, सुनंदाचं, लग्न तिथं ठरलं. विहीर कोठी खोदाची थे तिथं ठरलं. भांडलो बी तिथंच. आता मी आटोत जाते अन् हे ट्रॅक्टरवर. दोन वर्षं झाले. घरी आम्ही बोलतो थे काय? मीठ द्या, अन् लाईन गेली."

सातऱ्यावरच्या शिंका थांबल्या. मग एक बाई हळूच म्हणाली, "आमचं बी तसंच आहे भाचेबुवा." दुसरी म्हणाली, "आमचं बी." मामा बुटाच्या टोकानं जमीन उकरत होते. त्यांचं तोंड इतकं उतरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. म्हणजे म्हैस नाही, गुरुजी नाही, रास नाही! सतरा ट्रॅक्टर सतरा बायकांनी परत पाठवले होते. विकत घेताना सही नवऱ्याची असायची, पण पसंती मडगार्डवरून व्हायची.

मग माझ्या डोळ्यांसमोर लख्ख उजेड पडला आणि त्या उजेडात मला एक माणूस दिसला. आमच्या कंपनीचा निळा शर्ट घातलेला, हातात टॅब घेतलेला, टक्कल जरा कमी असलेला. मी!

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. नवं मॉडेल काढायच्या आधी कंपनीनं मला याच गावात पाहणीला पाठवलं होतं. मामांच्या अंगणात जुना ट्रॅक्टर उभा होता. मी प्रश्न वाचला, "मडगार्डचा उपयोग आपण कशासाठी करता?"

"चिखल उडू नये म्हनून," मामा म्हणाले.

"त्यावर कोणी बसतं का?"

"छे छे छे! कोनीच नाई! नियमाच्या बाहेर आहे थे! मनाई आहे न!"

निळा शर्ट आणि टॅब पाहून मामांना वाटलं, भाचा असला तरी सरकारी कागद आहे, उगाच चालान-बिलान नको. एकवीसही घरांत हेच उत्तर मिळालं. कोणीच बसत नाही! आणि मामा हे सांगत होते तेव्हा इंदूमामी त्याच ट्रॅक्टरच्या डाव्या मडगार्डवर बसून बशीनं चहा पीत होत्या. मी त्यांना नमस्कारही केला होता! मला वाटलं, घरात खुर्च्या कमी असतील.

मी अहवाल पाठवला, 'मडगार्ड रुंद ठेवण्याची गरज नाही. उतरते, प्लास्टिकचे चालेल.' कंपनीचं लोखंड वाचलं. माझा सत्कार झाला. 'सूक्ष्म निरीक्षणाबद्दल' मिळालेलं प्रशस्तिपत्र आमच्या हॉलमध्ये टीव्हीच्या वर लावलेलं आहे.

सातऱ्यावरूनच साहेबांना फोन लावला.

"साहेब, कारण सापडलं! मामी!"

"मामी काय?"

"मामींना बसायला जागा नाही, साहेब. मडगार्डवर. जुनं रुंद मडगार्ड परत आणलं, वर एक दांडी धरायला दिली, तर मामा आजच बुकिंग रद्द करतात!"

साहेबांनी पुस्तक काढून पानं चाळल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "मडगार्डवर बसायले मनाई आहे, हे आपल्याच पुस्तकात छापलं आहे. तिथं बाया बसतात म्हणून आपले ट्रॅक्टर खपत होते, असं कंपनी लिहून देईन का? दुसरं कारण शोधा."

"साहेब, दुसरी सतरा आहेत. एक म्हशीचं आहे."

"म्हशीचं चालेल," साहेब म्हणाले.

मी हरलो नाही. कुहीच्या वेल्डरकडून एक लोखंडी पाट करून आणला आणि नव्या नंदराजला ठोकून बसवला. मामी चढल्या, बसल्या, ट्रॅक्टर हलला आणि पाट, खिळे आणि उजवं मडगार्डही खाली आलं. या वेळी मामी सावध होत्या, त्यांनी आधीच उडी मारली. मी मात्र खाली उभा राहून दांडी धरत होतो, माझ्या पायावर पाट पडला. पाडव्यापर्यंत लंगडत होतो.

पाडव्याला दुसऱ्या कंपनीचा ट्रॅक्टर आला. दोन्ही मडगार्ड तुटलेला नंदराज कोणी विकत घेईना, तो कोंबड्यांसाठी गोठ्यातच राहिला. हार घातलेला, फुगे लावलेला, आणि दोन्ही बाजूंना लोखंडी मडगार्ड, ऐसपैस, जणू दिवाणच! मीही गेलो होतो. शेवटचं एकदा सांगून पाहावं म्हणून गेलो होतो. पण मामी नवं लुगडं नेसून डाव्या बाजूला अशा बसल्या होत्या, आणि मामा स्टिअरिंगवर बसून त्यांच्याकडे असे पाहत होते, की मी टॅब पिशवीत टाकला. मामा खाली उतरले, माझ्या पायाला हात लावला. "भाचेबुवा, माफ करजा. तुमची कंपनी सोडली."

"बरं केलं मामा," मी म्हटलं, आणि मनापासून म्हटलं.

"ये न रे," मामी म्हणाल्या. "उजवीकडे बस. वावरात जाऊन नारळ फोडून येऊ."

बसलो. काय सांगू! बसल्यावर कळलं. वारा लागतो, उंचावरून सगळा शिवार दिसतो, आणि जागा अशी की मांडी घालून बसावं. इंजिन सुरू झालं, गावाची वेस मागे पडली, आणि दोन वर्षांचं साचलेलं बोलणं सुरू झालं. मी शेजारी आहे हे दोघांच्या लक्षातच राहिलं नाही. किंवा इंजिनाच्या आवाजात मला ऐकू जात नसेल असं त्यांना वाटलं. बाकी सगळ्या विषयांच्या आधी पहिला विषय निघाला, तो मी!

"अजी, याची नोकरी जाईन का हो?" मामी ओरडल्या.

"नाई जात वं!" मामा ओरडले. "कंपनीवाले बी याच्यासारखेच आहे!"

"लय भोळा आहे पोट्टा! जे सांगतलं थे लिहून घेते!"

"मले तं लेकरू असतानापासून शंका होती! पन बहिनीले कसं सांगाचं?"

"वर्षा हुशार आहे, म्हनून घर चालून राहिलं!"

"पोरगी पाहाले गेलो तवाच मी म्हटलं होतं, या पोरीले हो म्हना, नाई तं हा..."

हे चाळीस मिनिटं चाललं. जातानाची वीस मिनिटं, आणि नारळ फोडून झाल्यावर येतानाची वीस मिनिटं. दहावीत मला गणितात किती पडले होते, तिथपासून माझं टक्कल कोणावर गेलं, तिथपर्यंत सगळं झालं. दोघं इतके खूश होते, इतक्या मोकळेपणानं हसत होते की, मधे बोलून त्यांचा रंग बिघडवावा असं मला वाटेना. घरी उतरलो. मामींनी पुरणपोळी वाढली, वरून वाटीभर तूप ओतलं.

"भाचेबुवा," मामा घास घेत म्हणाले, "इंजिनाचा आवाज लय आहे न? काही ऐकू नाई आलं असन तुमाले."

"काहीच नाही, मामा."

"काही म्हना, तुमची कंपनी चांगली. अन् तुमच्यासारखा हुशार माणूस तिथं दुसरा नसन!"

मामी माझ्या पानात आणखी एक पोळी टाकत म्हणाल्या, "हाव! एक नंबर हुशार!"

मी डावा हात पुसला, टॅब काढला आणि लिहून घेतलं.